लॅमिंग्टन रोड : आवाजाच्या बाजारात

मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोतून बाहेर पडून गिरगावच्या दिशेने चालू लागलं की थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या बदलतात. औषधं, मिठाई, लॉज मागे पडतात आणि अॅम्प्लिफायर, माइक, केबल, सीसीटीव्ही, बॅटरी, सर्किटच्या पट्ट्या सुरू होतात. फुटपाथवर टीव्हीचे रिमोट द्राक्षांच्या घडासारखे टांगलेले. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगितलं तर तो मागे वळून बघतो, आणि ‘लॅमिंग्टन’ म्हटलं की गिअर टाकतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी काय केलं हे फारसं कुणाला ठाऊक नसेल, पण त्यांच्या नावाचा रस्ता महाराष्ट्रातल्या प्रत्येक रेडिओ दुरुस्तीवाल्याला माहीत आहे.

आम्ही शनिवारी गेलो. रविवारी इथली बहुतेक दुकानं बंद असतात, आणि शुक्रवारी जुम्याच्या नमाजमुळे दुपार हातची जाते. बाहेरगावहून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आवाजाचा बाजार याच भागात का वसला याचं उत्तर आम्हाला कुणी दिलं नाही, पण आसपासचा इतिहास पाहिला तर नवल वाटत नाही. इथून जवळच, ग्रँट रोड स्टेशनच्या बाजूला केनेडी पुलापाशी अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. हिंदुस्थानचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ तिथे तयार झाला आणि १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. स्टुडिओ रुळांना लागून असल्याने दिवसा गाड्यांचा खडखडाट माइकमध्ये यायचा, म्हणून बरंचसं चित्रीकरण रात्री गाड्या थांबल्यावर होई. माइक नटांच्या आसपास लपवून ठेवावे लागत. नायक आपले मराठी मास्टर विठ्ठल, नायिका जुबेदा, आणि फकिराच्या भूमिकेत पहिलं गाणं गाणारे वजीर मोहम्मद खान. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे या देशाच्या पडद्यावर पहिल्यांदा जो आवाज उमटला, तो आता कुणालाच ऐकता येत नाही.

लॅमिंग्टन रोडवर एके काळी थिएटरांची रांगच होती. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, स्वस्तिक, इंपीरियल. नाझच्या इमारतीत वितरकांची कार्यालयं होती. कुठला चित्रपट चालला आणि कुठला पडला याचा निकाल तिथल्या जिन्यांवर लागायचा म्हणतात. आणि मिनर्व्हात १५ ऑगस्ट १९७५ पासून ‘शोले’ लागला तो पाच वर्षं हलला नाही. सत्तर एमएमचा पडदा आणि सहा ट्रॅकांचा स्टिरिओफोनिक आवाज.

अब्बांनी तो तिथेच पाहिला होता. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे. आखातात जाण्याच्या खटपटीत मुंबईला गावकऱ्यांच्या खोलीवर राहत होते. एका खोलीत चौदा माणसं, पाळीपाळीने झोपणारी. तिकिटासाठी पाच वेळा रांगेत उभं राहावं लागलं, असं ते सांगतात. आम्ही तो किस्सा इतक्यांदा ऐकलाय की मुलं पुढचं वाक्य आधीच बोलतात: जय नाणं उडवतो, ते खाली पडतं तेव्हा आवाज पडद्यातून न येता बाजूने येतो, आणि पुढच्या रांगेतला एक माणूस खाली वाकून खुर्चीखाली हात फिरवतो.

मिनर्व्हा आता नाही. अब्बा ज्या जागी थांबले तिथे त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, काठी टेकवली आणि म्हणाले, “इथंच कुठंतरी होतं.” मग पुढे चालू लागले.

घरात टीव्ही असावा की नसावा, असला तर त्यावर काय बघावं, यावर आमच्या बिरादरीत एकमत नाही, आणि या लेखात ते होणारही नाही. आमच्या महाडच्या घरात टीव्ही आहे. बातम्या, क्रिकेट, एखादा जुना चित्रपट, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ, आणि रमजानमध्ये रात्री साडेअकराच्या सुमारास मक्केहून येणारं तरावीहचं थेट प्रक्षेपण. गेली दोन वर्षं असं झालं होतं की टीव्ही लागला की अब्बा उठून पडवीत जाऊन बसत. आधी वाटलं, कंटाळले असतील. मग लक्षात आलं की त्यांना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. ‘शाल’, ‘चाल’ आणि ‘साल’ त्यांना सारखेच ऐकू येतात. आवाज वाढवला की बाकीचे कान झाकतात, कमी केला की ते उठतात. एका घरात राहून माणूस असा रोज तासभर वेगळा बसायला लागला, की जेवणावरच्या गप्पाही हळूहळू त्याला वगळून होऊ लागतात. ते आम्हाला नको होतं. म्हणून भिशीचे तीस हजार हातात आले तेव्हा घरात मशवरा झाला आणि ठरलं की रमजानआधी, शाबानमध्येच, होम थिएटरचा रिसीव्हर बदलायचा.

बदलायचा म्हणजे जुना होता. अब्बांनी २००४ साली कुवेतहून शेवटच्या फेरीत आणलेला. त्याआधीचा एक संच कुवेतमध्येच राहिला होता. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य घुसलं तेव्हा अब्बा बाकी हजारो हिंदुस्थानींसारखे अम्मानमार्गे विमानाने हात हलवत परत आले. दोन वर्षांनी पुन्हा गेले. या दुसऱ्या संचाची त्यांना काळजी आहे ती त्यामुळे. तो आम्ही चादरीत गुंडाळून, पिशवीत घालून एसटीने बरोबर आणला होता. नऊ-दहा किलोंचं धूड, धाकट्याच्या मांडीवर महाडपासून मुंबई सेंट्रलपर्यंत.

पहिला मुक्काम दुरुस्तीवाल्याकडे. जिन्याखालची जागा, एक टेबल, एक दिवा, सोल्डरिंगचा वास. कारागीर साठीचे, तोंडात पान, हात स्थिर. त्यांनी झाकण उघडून ब्रशने धूळ काढली, एक-दोन ठिकाणी मीटर लावला आणि वीस मिनिटांत निदान सांगितलं. अॅम्प्लिफायरचा भाग ठणठणीत. रिलेचे संपर्क कोकणातल्या दमट हवेने काळे पडलेत, ते साफ होतील. पण डिजिटल आवाज उलगडणारा बोर्ड गेलाय, आणि तो आता मिळत नाही. म्हणजे दोन स्पीकरांवर सीडी किंवा मोबाईल उत्तम वाजेल, पण टीव्हीच्या पाच वाहिन्या आता निघणार नाहीत.

“फेकू नका चाचा,” ते अब्बांना म्हणाले. “असा ट्रान्सफॉर्मर आता कोणी घालत नाही.”

सातशे रुपयांत रिले साफ करायचं ठरलं आणि यंत्र तिथे ठेवून आम्ही मोकळे झालो. आखातातून जुनं सामान आणलेल्या घरांसाठी एक गोष्ट इथे सांगायला हवी. कुवेत, दुबईची वीज आपल्यासारखीच २२० ते २४० व्होल्टची, त्यामुळे तिथलं यंत्र इथे चालतं. पण सौदीत पूर्वी बऱ्याच ठिकाणी ११०-१२७ व्होल्टची वीज होती, आणि अमेरिका-जपानचं यंत्र तर आपल्या प्लगला लावलं की धूर. मागच्या पट्टीवर व्होल्ट लिहिलेले असतात, ते वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

मग नव्याच्या शोधात तीन दुकानं झाली. रिसीव्हर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स यांचा आवाज एका ठिकाणी घेऊन तो पाच किंवा सात स्पीकरांना वाटून देणारा मोठा अॅम्प्लिफायर. ‘५.१’ म्हणजे पाच स्पीकर आणि एक धडधड करणारा सबवूफर. पाचांपैकी टीव्हीखालचा मधला स्पीकर सर्वांत महत्त्वाचा, कारण माणसांचं बोलणं बहुतांशी त्यातून येतं. गाड्या, पाऊस, पार्श्वसंगीत हे बाकीच्यांकडे. आमचा सगळा व्यवहार त्या एका मधल्या स्पीकरसाठी होता. दुकानदार मात्र आम्हाला बाकी सगळं विकू पाहत होते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मधल्या स्पीकरवर कुणी जाहिरात करत नाही.

पहिली गोष्ट वॅट. प्रत्येक पेटीवर मोठा आकडा. धाकट्याने एका जपानी कंपनीच्या रिसीव्हरचा माहितीचा कागद काढून घेतला आणि आम्ही तो काउंटरवरच वाचला. एकाच यंत्राचे तीन आकडे: ७०, १०० आणि १३५. सत्तर कधी? दोन स्पीकर एकदम चालू, खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत, आवाज जवळपास न फाटता. शंभर कधी? एकच स्पीकर, एकच सूर. आणि एकशे पस्तीस कधी? एकच स्पीकर, एकच सूर आणि दहा टक्के आवाज फाटलेला चालेल या अटीवर. वर्गात एखाद्या मुलाने एकाच पेपरचे असे तीन वेगवेगळे गुण घरी सांगितले असते तर पालकसभा बोलावली असती. तुलना करायची तर सगळ्या यंत्रांचा पहिल्या प्रकारचाच आकडा लावावा. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. साध्या दिवाणखान्यात रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅटसुद्धा पुरतात. सत्तर आणि नव्वद यांत आमच्या बारा बाय पंधराच्या खोलीत फरक कळणार नव्हता, आणि तेवढ्याचे नऊ हजार जास्त होते.

दुसरी गोष्ट डॉल्बी अॅटमॉस. यात आवाज डोक्यावरूनही येतो. पावसाचे थेंब छतावर पडतात, विमान वरून जातं. त्यासाठी छतात स्पीकर बसवतात, किंवा वर तोंड केलेले स्पीकर ठेवतात, ज्यांचा आवाज सपाट छतावर आपटून खाली येतो. आमचं घर कौलारू आहे. दुकानदाराला ते सांगितलं तर क्षणभर तो गप्प झाला, मग म्हणाला, “पीओपीचं सिलिंग करून घ्या ना.” आमच्या घरावर पावसाचा आवाज जून ते सप्टेंबर फुकट येतो. त्याला सिलिंग लावून, वर स्पीकर लावून पुन्हा पाऊस आणायचा, हे काही पटेना. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं वेगळं असेल.

तिसरी गोष्ट खरंच पैसे मोजण्यासारखी: एचडीएमआय एआरसी. टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय छिद्रावर ‘एआरसी’ लिहिलेलं असतं. तिथून रिसीव्हरच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या छिद्रात एकच तार घातली की टीव्हीत जे काही लागेल, त्याचा आवाज रिसीव्हरमधून येतो आणि टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. सत्त्याहत्तराव्या वर्षात पदार्पण करणाऱ्या माणसाच्या हातात तीन रिमोट देणं म्हणजे त्याला पुन्हा पडवीत पाठवणं. ही सोय आता स्वस्तातल्या ५.१ रिसीव्हरलाही असते. ज्यांचा जुना रिसीव्हर चालू आहे पण त्याला एचडीएमआय नाही, त्यांनी घाईने बदलू नये. टीव्हीला ऑप्टिकलचं छिद्र असेल तर त्या तारेने साध्या डॉल्बी डिजिटलचे पाचही स्पीकर वाजतात. नुसत्या तारेचा खर्च. आमचा बोर्डच गेला नसता तर आम्हीही तेच केलं असतं.

आता ऐकण्याची परीक्षा. दुकानात ऐकवण्यासाठी ठरलेले तुकडे असतात: स्फोट, हेलिकॉप्टर, काच फुटणं. अब्बा मध्यभागी खुर्चीत बसले, सबवूफरने जमीन हलली, दुकानदाराने अभिमानाने विचारलं, “कसं वाटलं चाचा?” अब्बा म्हणाले, “कुवेत आठवलं.”

आम्ही आमचा पेन ड्राइव्ह बरोबर नेला होता. त्यात मराठी बातम्यांचा एक तुकडा, एका उर्दू नाटकातले संवाद, आणि शेवटी क़िराअत. वीस वर्षं शाळेत श्रुतलेखन घेतो, तेच इथे घ्यायचं ठरवलं. बातम्या आणि संवादांतले वीस शब्द आधीच कागदावर लिहिलेले. आवाजाची पातळी प्रत्येक वेळी सारखी. अब्बांनी ऐकलेला शब्द मोठ्याने सांगायचा, धाकट्याने खूण करायची. दुकानातला पोऱ्या आधी हसला, मग शेजारी येऊन उभा राहिला.

नुसत्या टीव्हीच्या स्पीकरवर सहा शब्द बरोबर आले. बावन्न हजारांच्या सात वाहिन्यांच्या रिसीव्हरवर, दुकानात जसा लावून ठेवला होता तसा, अकरा. मग आम्ही साध्या ५.१ रिसीव्हरवर जाऊन मधल्या स्पीकरची पातळी चार डेसिबलने वाढवायला सांगितली, सबवूफर कमी करायला सांगितलं, आणि रात्री हळू आवाजात ऐकण्यासाठी असते ती मोठे-छोटे आवाज जवळ आणणारी सोय चालू केली. चौदा. तेच बदल बावन्न हजारांच्या यंत्रावर केले, तर तिथेही चौदाच. म्हणजे फरक किमतीत नव्हता, मांडणीत होता. घरी कुणाला कमी ऐकू येत असेल तर खरेदीला त्या माणसालाच घेऊन जावं. आपण आपल्या चांगल्या कानांनी त्याच्यासाठी निवडू शकत नाही.

क़िराअतच्या वेळी एक वेगळीच गोष्ट झाली. पाच स्पीकरांवर पसरलेला क़ारींचा आवाज अब्बांना आवडला नाही. “मशीद मोठी वाटते, पण माणूस लांब गेला,” म्हणाले. दुकानदाराने यंत्र साध्या दोन वाहिन्यांवर आणलं, आणि अब्बांनी मान खाली घातली, डोळे मिटले. तिथे कुणी शब्द मोजले नाहीत. ते आयती आधीच जाणतात. त्यांना ऐकायच्या नव्हत्या, ओळखायच्या होत्या.

जोहरची वेळ झाली होती. जवळच्या मशिदीत नमाज पढलो, बाहेर खिमा-पाव खाल्ला. धाकट्याच्या मनात चोरबाजार होता. तो इथून लांब नाही, आणि मटण स्ट्रीटवर जुने अॅम्प्लिफायर, ग्रामोफोन, स्पीकर सुंदर मांडलेले असतात. ज्याला सोल्डरिंग येतं आणि ज्याला वेळ आहे त्याने जरूर जावं. एचडीएमआयवाला रिसीव्हर मात्र तिथून घेऊ नये असं आमचं मत. जुना अॅम्प्लिफायर बिघडला तर दुरुस्त होतो. एचडीएमआयचा बोर्ड बिघडला तर यंत्राची किंमत डब्याची. कंपन्याही टिकत नाहीत. ऑन्किओसारख्या नामांकित जपानी कंपनीच्या होम थिएटर विभागाने २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. नाव चालू राहिलं, पण ज्यांच्या हातात जुनी यंत्रं होती त्यांना भागांसाठी वणवण करावी लागली.

दुपारनंतर भाव. बावन्न हजारांच्या यंत्रासाठी दुकानदाराने शेवटचा प्रयत्न केला. “सर, नो कॉस्ट इएमआय. बारा हप्ते, व्याज शून्य. तुमच्या लोकांनाही चालतं.” हे ‘तुमच्या लोकांनाही’ आम्ही सोडून दिलं, पण हिशेब सोडला नाही. विचारलं, रोख दिले तर किती? म्हणाला, साडेअठ्ठेचाळीस. मग वरचे साडेतीन हजार कशाचे? त्यावर प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, ते कुठेतरी किमतीत दडलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. एकच वस्तू उधारीत थोडी महाग विकणं आणि कर्जावर व्याज घेणं यांत फिक्हच्या दृष्टीने फरक आहे, आणि तो आलिमांना विचारावा. पण जिथे मध्ये बँक आहे आणि हप्ता चुकला की दंडावर व्याज चढतं, तिथे ‘व्याज शून्य’ या शब्दांवर विसंबून सही करू नये, एवढं तर कुणालाही कळतं. आमच्यापाशी भिशीचे तीस हजार होते, आणि भिशीचा हाच फायदा की त्यात तुमच्या पुढच्या वर्षाचा पगार कुणाकडे गहाण पडत नाही.

साध्या ५.१ रिसीव्हरचा भाव अठ्ठावीस हजार पाचशेपासून निघाला आणि सव्वीस हजार आठशेवर थांबला. बिलाशिवाय आणखी दोन हजार कमी होत होते. बिल घेतलं. वॉरंटीसाठी ते लागतंच, पण वॉरंटी नसती तरी घेतलं असतं; सरकारी पगार घेऊन कर चुकवलेली वस्तू घरी न्यायची हे बरं दिसत नाही. एचडीएमआयची तार साधीच घेतली. पाच हजारांच्या सोनेरी टोकांच्या तारेतून बातम्या काही जास्त खऱ्या येत नाहीत. स्पीकरच्या वायरीही जाडजूड साध्या तांब्याच्या. स्पीकर मात्र जुनेच ठेवले, कारण ते सहा ओहमचे आहेत आणि नव्या रिसीव्हरला सहा चालतात. हे मागे लिहिलेलं असतं. तयार होम थिएटरच्या डब्यातले काही स्पीकर तीन-चार ओहमचे असतात. ते अशा रिसीव्हरला जोडले तर यंत्र तापतं.

निघताना त्या दुकानदाराच्या वडिलांनी, जे दिवसभर गल्ल्यावर गप्प बसून होते, अब्बांच्या जवळ येऊन त्यांच्या कानाशी न ओरडता, सावकाश, समोर तोंड करून विचारलं, “कान तपासून घेतले का?” आणि आपल्या कानामागचं छोटं यंत्र दाखवलं. अब्बांना हे वाक्य पहिल्या झटक्यात कळलं. आम्ही दोन वर्षं हाच विषय काढत होतो आणि ते ‘वय झालं’ म्हणून टाळत होते. त्या दिवशी ते टाळले नाहीत. दोघांनी पाच मिनिटं बॅटरी किती दिवस चालते यावर चर्चा केली.

वयानुसार कान जातो तो बहुधा वरच्या सुरांचा. अ, आ, ओ असे स्वर खालच्या सुरांत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, च, फ ही व्यंजनं वरच्या सुरांत, साधारण दोन हजार हर्ट्झच्या वर. ती गळाली की आवाज येतो आणि शब्द येत नाही. म्हणूनच नुसता आवाज वाढवून उपयोग होत नाही, आणि म्हणूनच कुठलाही रिसीव्हर, बावन्न हजारांचा असो की पाच लाखांचा, वीसपैकी वीस देऊ शकणार नव्हता.

त्याच महिन्यात एका कामाच्या दिवशी अब्बांना घेऊन पुन्हा मुंबईला आलो, या वेळी वांद्रे रेक्लमेशनला, अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत. वाणी आणि श्रवणाच्या तपासणीची ही केंद्र सरकारची संस्था १९८३ पासून तिथे आहे. अली यावर जंग उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू होते, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, आणि १९७६ मध्ये पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. महामार्गाच्या पाटीवर त्यांचं नाव रोज लाखो लोक वाचतात, पण या संस्थेत आपली माणसं मात्र फार कमी दिसली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. उत्पन्नाचा दाखला बरोबर न्यावा. अब्बांच्या तपासणीत दोन्ही कानांचा आलेख उजवीकडे उताराला लागलेला निघाला, पावसाळ्यातल्या वरंध घाटासारखा. कानाच्या साच्याचं माप घेतलं आणि शव्वालमध्ये बोलावलं.

घरी रिसीव्हर टीव्हीखाली बसवलाय, वरती चार बोटं जागा मोकळी सोडून, कारण तो तापतो. मधला स्पीकर आधी खालच्या फळीवर होता, तो उचलून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणला, तेवढ्यानेही फरक पडला. बरोबर आलेला छोटा माइक अब्बांच्या खुर्चीत ठेवून यंत्राला खोली मोजू दिली. त्याने मधला स्पीकर स्वतःच्या हिशेबाने कमी केला, आम्ही तो पुन्हा वाढवला. पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की प्लग काढायचा, हे धाकट्याचं काम.

अब्बा आता बातम्यांना बसतात. सगळं कळतं असं नाही, मध्येच “काय म्हणाला?” विचारतात आणि कुणीतरी सांगतं. दुरुस्त होऊन आलेला कुवेतचा संच त्यांच्या खोलीत आहे, दोन स्पीकर लावून. फजरनंतर दार उघडं असतं आणि क़िराअतचा आवाज ओसरीपर्यंत येतो.